पाळण्याजवळचा अनोळखी पुरुष

ज्या माणसाच्या आवाजावर सांगली-कोल्हापूरकडची कुस्तीची मैदानं हलायची, त्याचं त्याच्याच घरात कुणी ऐकून घेत नव्हतं. आता घरात कुणाचं ऐकून घेतलं जात नाही, यात नवल ते काय? पण संग्राम खराडेच्या घरात नुसतं ऐकण्यासाठी म्हणून सरकारनं एक यंत्र बसवून दिलं होतं, आणि ते यंत्रसुद्धा त्याचं ऐकायला तयार नव्हतं.

यंत्राचं नाव कानोसा. पुरीएवढं, पांढरं, पाळण्याच्या आकड्याला अडकवायचं. बाळंतपणानंतर आयांना नैराश्य येतं हे लोकांना उशिरा का होईना पटलं होतं. बापांनाही ते येतं, दहातल्या एकाला तरी येतं, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते, पण बाप ही काही दवाखान्यात जाऊन 'मला रडू येतं' म्हणणारी जमात नव्हे. त्याला विचारलं तर तो 'मस्त चाललंय' म्हणणार आणि गाडीला किक मारणार. तेव्हा त्याला विचारायचंच नाही, त्याचा आवाज पकडायचा, असं ठरलं.

कल्पना चांगली होती, हे मान्य करायला हवं. गळ्यातल्या स्वरतंतूंना ताणणारे स्नायू ज्या मज्जातंतूच्या हुकमात चालतात, त्याच मज्जातंतूच्या फांद्या खाली काळजाकडे आणि आतड्याकडेही जातात. मन खचलं की त्याच्या कारभारात ढिलाई येते. आवाजाचे चढउतार सपाट होतात, दोन शब्दांमधली फट वाढते, वाक्याचा शेवट खाली पडतो. दुसरी गोष्ट बाळाशी बोलण्याची. धडधाकट माणूस तान्ह्या पोराशी बोलायला लागला की त्याचा आवाज आपोआप वर चढतो आणि हेलकावे खातो. कुणी शिकवावं लागत नाही. खचलेल्या माणसाला ते जमत नाही. कानोसा शब्द समजून घेत नसे, साठवतही नसे, कायद्यानं तशी बंदीच होती. तो फक्त आवाज कुणाचा आहे ते ओळखायचा, त्याचे चढउतार मोजायचा आणि त्याच माणसाच्या जुन्या आवाजाशी ताडून बघायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, शंका असेल तर पिवळा, आणि तांबडा लागला की तालुक्याच्या केंद्रातून माणूस घरी यायचा.

घोळ झाला तो त्या जुन्या आवाजात. सातव्या महिन्यात आईबापांचा साध्या बोलण्याचा नमुना घ्यायचा असतो. केंद्रातली बाई तो घ्यायला आली ती नेमकी समृद्धीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, समृद्धी फुलांच्या वाडीत बसलेली, समोर दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा आणि दुसरीत बर्फी. बाईनं संग्रामपुढं यंत्र धरलं आणि म्हणाली, "दोन मिनिटं काहीही बोला." आता नावाजलेल्या कुस्ती निवेदकाला वीस बायकांपुढं 'काहीही बोला' म्हटल्यावर तो काय हवापाण्याच्या गप्पा मारणार? "अगं, त्याला मैदानात बोलतो तसं बोलायला सांग की," त्याची आई म्हणाली. आक्का म्हणतात तिला सगळे. झालं, संग्रामनं कमरेवर हात ठेवला आणि सुरू झाला: "आणि समृद्धीताई आखाड्यात उतरल्यात, डाव्या वाटीवर पकड, नाही, पकड सुटली, उजवीकडं झेप, पेढा चितपट होतोय का बर्फी, बघा मंडळी, बघा..." बायका हसून लोळल्या. केंद्रातली बाईसुद्धा हसली आणि तोच नमुना पक्का करून निघून गेली. संग्राम खराडे नावाचा माणूस असाच बोलतो, हे यंत्राच्या डोक्यात कायमचं बसलं.

मुलगी झाली. रेवा. पहिलं बाळंतपण माहेरी, पलूसला, आणि तिथल्या पाळण्यावर समृद्धीचा दिवा बाराव्या दिवशी पिवळा आणि पुढच्या आठवड्यात तांबडा झाला. केंद्रातली माणसं आली, गोळ्या सुरू झाल्या, रोज कुणीतरी येऊन बोलून जायचं. ती हळूहळू माणसात आली आणि चौथ्या महिन्यात लेक घेऊन सांगलीला सासरी आली.

संग्रामचं बिनसलं ते त्यानंतर. रेवाला पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या हातात घेतलं तेव्हा त्याला वाटलं होतं की आता आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग झोप गेली, जेवणाची चव गेली आणि जिथं तिथं चीड यायला लागली. दूध उतू गेलं की चीड, पोर रडलं की चीड, कुणी 'बाबासारखी दिसते' म्हटलं की डोक्यात तिडीक. बापांचं नैराश्य बऱ्याचदा असंच रागाचे कपडे घालून येतं. पण रागीट पुरुष घराघरात असतात, त्यांच्याकडे कोण बघतो.

रेवाशी बोलायला त्याच्याजवळ एकच आवाज उरला होता, पोट भरायचा. तोंड उघडलं की तोच बाहेर पडायचा. "रेवाताई खराडे, साडेसहा किलो वजनी गट, दुपट्यातून उजवा पाय काढतायत, काय ही चपळाई..." पोर टकामका बघायची, आक्का पदर तोंडाला लावून हसायच्या, शेजारच्या बायका मोबाईलवर चित्रफीत काढून गावभर पाठवायच्या. असा हौशी बाप मिळायला भाग्य लागतं म्हणायच्या. कानोसा हिरवागार. आणि आत संग्रामला वाटायचं की आपण हे पोर आत्ता खाली ठेवावं आणि चालत सुटावं.

एकदा त्यानं धीर केला. समृद्धी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"समृद्धी, मला काही बरं वाटत नाही."

"ताप आहे का?"

"ताप नाही. रेवाला उचललं की वाटतं, दुसऱ्याचं पोर हातात दिलंय. काही वाटतच नाही गं."

तिनं वळून बघितलं. त्याचं दुर्दैव असं, की हेही तो त्या मैदानी आवाजात बोलला. कुणासमोर उभा राहिला की तो आवाज अंगात यायचाच, लाज झाकायला दुसरं होतं काय त्याच्याकडे?

"बोलतानाही तुझं निवेदनच चाललंय," ती म्हणाली. "दिवा बघितलास का? हिरवा आहे. माझा तांबडा होता, संग्राम. मला पोरीच्या अंगाचा वास सहन होत नव्हता तेव्हा तू जत्रेत फेटे बांधून घेत होतास. दोनदा आलास, जावई म्हणून जेवलास आणि गेलास. आता मी कशीबशी उभी राहिले तर तुला आजारी पडायचंय?"

"मी खोटं बोलतोय का?"

"तुला काम नको आहे. लंगोट धुवायची पाळी आली की पुरुषांना असंच काहीतरी व्हायला लागतं. मला आता तुझी आई व्हायला सांगू नकोस, एक पोर पुरे आहे मला."

तिचं सगळंच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो केंद्रात गेला. तिथला डॉक्टर पडद्यावरचे आलेख बघून म्हणाला, "तुमचं सगळं माझ्यापेक्षा चांगलं आहे हो. खरोखर तांबडे असलेले लोक बाहेर बसलेत, त्यांचा वेळ कशाला खाता?" संग्राम मान खाली घालून बाहेर आला. एवढ्या मोठ्या गळ्याच्या माणसाला 'मला वाचवा' एवढं साधं वाक्य साध्या आवाजात म्हणता आलं नाही.

त्यानंतर त्यानं घरी खोटं बोलायला सुरुवात केली. मैदान आहे म्हणून सांगायचं, फेटा पिशवीत घालायचा आणि निघायचं. मैदान वगैरे काही नसायचं, सगळी त्यानं नाकारलेली असायची. आयोजकांचे फोन नकोत म्हणून मोबाईल बंद. तालमीच्या मागं एक जुनी विहीर आहे, तिच्या काठावर बसून राहायचा. दुपारी आक्का बचत गटाच्या शेवयांच्या कामाला गेल्या की आपल्या किल्लीनं दार उघडून हळूच घरी परतायचा. समृद्धी तेव्हा आतल्या खोलीत दार लोटून झोपलेली असायची, गोळ्यांची झोप, ती सहसा उघडत नसे. बाहेरच्या खोलीत पाळण्यात रेवा एकटी.

तिथं त्याचा आवाज गळून पडायचा. एवढ्याशा पोरीसमोर कसली आलीय लाज. तो जमिनीवर बसायचा आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून हळू, सपाट, अडखळत बोलायचा. मला तुझं काही वाटत नाही म्हणायचा. माझी चूक आहे का तुझी, मला कळत नाही म्हणायचा. पोर अंगठा चोखत ऐकायची. दिवसभरातला तेवढाच वेळ त्याची छाती जरा मोकळी व्हायची. मग आक्का यायच्या आत तो निघून जायचा आणि संध्याकाळी फेट्याची पिशवी घेऊन पुन्हा यायचा.

आणि कानोसा काय करत होता? त्यानं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच खचलेला बाप ऐकला आणि त्याला तो बापच वाटला नाही. त्याच्या लेखी संग्राम म्हणजे डोहाळजेवणातला तो माणूस, आणि रोजच्या पाळण्याजवळच्या निवेदनानं त्याची खात्री आणखी पक्की होत गेलेली. हा मेल्या आवाजाचा इसम कुठल्याच नमुन्याशी जुळेना. पोरं पळवणाऱ्यांच्या भीतीनं यंत्रात एक सोय केलेली होती. त्या सोयीप्रमाणं त्यानं घरातल्या सगळ्या फोनवर इशारा पाठवला: बाळाजवळ अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस.

समृद्धीनं उठल्यावर तो बघितला. दार लावलेलं, पोर जागेवर, घर शांत. खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकला असेल मेल्यानं, असं म्हणून तिनं तो पुसून टाकला. पुढच्या वेळी आला तेव्हाही पुसला. संग्रामला सांगितलं असतं तर त्याला भांडायला निमित्त मिळालं असतं, आणि भांडायची तिच्यात ताकद नव्हती.

आक्कांनी मात्र पुसला नाही. नातीजवळ परका माणूस बसतो म्हटल्यावर दुसरं कुणीही शेवया टाकून धावत सुटलं असतं. आक्का धावल्या नाहीत, त्या पुरावा गोळा करत बसल्या. दुपारची वेळ, मुलगा मैदानावर, सून घरी एकटी, आणि तिशीतला पुरुष. त्यांचा हिशेब झटकन जुळला, कारण सून त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हती. दहा-बारा दिवस त्यांनी दातावर दात ठेवून काढले आणि मग समृद्धीच्या वडिलांना पलूसहून बोलावून घेतलं. कारण सांगितलं नाही, नुसतं या म्हटल्या.

त्या संध्याकाळी संग्राम फेट्याची पिशवी घेऊन घरी आला तर दारात चपलांचा ढीग. आत सासरे, आबा म्हणतात त्यांना, खुर्चीच्या टोकावर बसलेले. समृद्धीचा धाकटा भाऊ शंतनू भिंतीला टेकून उभा, कपाळाची शीर तटतटलेली. समृद्धी पाळण्याजवळ, पांढरीफटक.

"आलास? बस," आक्का म्हणाल्या. "तू बोंबलत फिरतोस गावोगाव, आणि इथं काय चाललंय ते बघ." त्यांनी मोबाईल त्याच्या नाकापुढं धरला. एकाखाली एक इशारे.

त्यानं वाचलं. दिवस वाचले, वेळा वाचल्या. त्याला कळायला क्षणही लागला नाही.

"माझ्या मुलीवर असले आरोप करायच्या आधी जीभ आवरा," आबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. त्यांनाही यंत्रावर विश्वास होता. त्याच यंत्रानं त्यांची मुलगी वाचवली होती.

"जीभ मी आवरू? तुमच्या पोरीनं काय काय आवरलं नाही ते विचारा. आणि हे इशारे पुसत होती, पुसत! माझ्या मैत्रिणीच्या मुलाला विचारून घेतलंय मी, तिच्या फोनवरनं पुसलेत. साव असेल तर पुसेल कशाला?"

"टीव्हीचा आवाज वाटला मला," समृद्धी म्हणाली. "आक्का, मी झोपलेली असते हो. मला काही माहीत नाही."

"झोपलेली असते. ऐका."

शंतनू बहिणीकडे वळला. "ताई, कोण आहे ते सांग. मी त्याचं काय करायचं ते करतो. पण खोटं बोलू नकोस."

सख्ख्या भावाच्या तोंडून हे ऐकल्यावर समृद्धीनं एकदा संग्रामकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. तूसुद्धा आता काय ते बोलून टाक, असा तिचा चेहरा होता.

संग्राम गप्प बसला. त्याच्या बाजूनं काही सांगावं असं यात काही नाही. त्याला दिसत होतं की नुसतं मूग गिळून बसलं की पुरे. ही माणसं भांडतील, आबा लेकीला आणि नातीला घेऊन पलूसला जातील, पाळणा जाईल, ते यंत्र जाईल. त्याला कुणी 'बाबा' म्हणणार नाही. शिवाय दोष तिच्यावर आणि लोकांची हळहळ त्याच्या वाट्याला. गेले कित्येक आठवडे त्याला जे हवं होतं ते समोर मांडून ठेवलेलं होतं. बायकोची अब्रू गेली असती, तिचा दिवा पुन्हा तांबडा झाला असता, आणि या खेपेला माहेरच्यांनीही तिच्याकडे पाठ फिरवली असती. हे सगळं त्याला समजत होतं आणि तरी तो गप्प होता.

"उठ," आबा लेकीला म्हणाले. "पोरीला घे. इथं एक मिनिट थांबायचं नाही."

समृद्धी पाळण्यात वाकली. रेवाला दुपट्यात गुंडाळायला लागली.

"तो मी आहे," संग्राम म्हणाला.

सगळे वळले. पण कुणासमोर उभा राहिला की जो आवाज यायचा तोच आला, खणखणीत, हेलकावे घेणारा. "दुपारी येतो तो मीच आहे! मी मैदानावर जातच नाही, मी इथं येऊन बसतो!" पाळण्यावरचा दिवा हिरवा झाला आणि त्याखाली अक्षरं उमटली: वडील.

"बघा," आक्का म्हणाल्या. "यंत्र तुला ओळखतंय की रे. तू असतास तर अनोळखी कशाला म्हणालं असतं? बायकोला पाठीशी घालायला लाज वाटत नाही?"

"दाजी, उगाच मोठेपणा नको," शंतनू म्हणाला.

संग्रामच्या कपाळावर घाम आला. ज्या आवाजावर त्याचं घर चालत होतं, जो ऐकून पैलवानांच्या अंगावर काटा यायचा, तो इथं कवडीमोल होता. दुसरा आवाज होता, पण तो या माणसांपुढं काढायचा म्हणजे भर मैदानात नागडं होण्यासारखं होतं. आणि नुसतं तसं बोलून भागणार नव्हतं. सोंग आणता येत नाही, तो आवाज खरं बोलल्याशिवाय येतच नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तो पाळण्याशी जमिनीवर बसला. समृद्धीचा हात बाजूला केला. सगळ्यांकडे पाठ केली आणि दोरीला हात लावला. शंतनूनं चुळबुळ केली.

"रेवा," तो म्हणाला. "मी... आलोय. आज पण तसंच आहे. तुला बघितलं आणि... काही झालं नाही. लोक म्हणतात होईल. कधी होईल... मला माहीत नाही. तुझी आई म्हणते मी नाटक करतो. करतो की. सगळ्यांसमोर करतो. तुझ्यासमोर नाही करत. आज विहिरीवर... जास्त वेळ बसलो. उठायचं मनात नव्हतं. मग वाटलं, दुपारी तू एकटी असतेस. म्हणून उठलो. उद्या उठेन का... सांगता येत नाही मला."

आक्कांच्या हातातला फोन वाजला. मग समृद्धीचा वाजला. बाळाजवळ अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस.

खोलीतली हवा एकदम सैल झाली. आक्का फोनकडे आणि मुलाच्या पाठीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "याचाच आवाज होय. मेलं यंत्रच बिघडलेलं." शंतनूनं कपाळावरचा घाम पुसला आणि बहिणीची नजर चुकवली. आबांनी मोठा श्वास सोडला. "मिटलं मग," ते म्हणाले. "नाव खराब व्हायचं टळलं. ते यंत्र तेवढं बदलून घ्या, विहीणबाई." आक्का चहा टाकते म्हणून उठल्या. इतक्या कडाक्याच्या भांडणानंतर माणसं किती पटकन चहावर येतात ते बघून कुणालाही शिसारी यावी.

समृद्धी जागची हलली नव्हती. बाकीचे सगळे फोन कधी वाजतो याची वाट बघत होते, तेव्हा ती ऐकत होती.

"विहिरीचं काय म्हणालास?" तिनं विचारलं.

संग्राम वळला. तिचा चेहरा समोर आला आणि त्याचा गळा पुन्हा सवयीवर गेला. "काही नाही गं, ते आपलं उगाच..."

"हा आवाज नको." ती त्याच्यासमोर खाली बसली. "इतक्या दिवसांनी खरं बोललास तेही पोरीशी. आत्ता मला घराबाहेर काढत होते आणि तू गप्प बसून बघत होतास, ते मी विसरणार नाही. पण विहिरीचं काय ते आधी सांग. मघाशी बोललास तसं सांग."

"समृद्धी, आता राहू दे की," आबा म्हणाले. "मिटलंय ना सगळं."

"काही मिटलेलं नाही, आबा. केंद्रातल्या डॉक्टरला फोन लावा. येत नसेल तर शंतनू, तू गाडी काढ आणि त्याला उचलून आण." तिनं संग्रामचं मनगट घट्ट धरलं, दुखेल इतकं. "बोल."

त्याची मान खाली गेली आणि तो हळूहळू, तुटक तुटक बोलायला लागला. फोन पुन्हा वाजायला लागले. आक्का चहाचं पातेलं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. समृद्धीच्या डोळ्यांतला राग जराही कमी झाला नव्हता, आणि तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.